कोरांटीला पाणी नको

आमच्या बीड जिल्ह्यात श्रावणात हिरवं असण्याचं काही कौतुक नाही. श्रावणात उकिरडासुद्धा हिरवा असतो. खरी परीक्षा दिवाळीनंतर. गवत पिवळं पडतं, बांध भुरे होतात, झेंडू देठावरच वाळून काळे पडतात, आणि मग जूनपर्यंत डोळ्यांनी बघायचं काय, हा प्रश्न उरतो. मला हा प्रश्न लहानपणापासून छळतो. माझी जाऊ एकदा म्हणाली, "तुम्हाला काळजी करायला काही सापडलं नाही, की तुम्ही झाडांची करता." मला तिचा राग आला, पण ती खोटं बोलली नव्हती.

अंबाजोगाईत आमच्या घराच्या गच्चीवर मी बरीच वर्षं एकच उद्योग केला. पाण्यावाचून जगणारी, एकदा लावली की वर्षानुवर्षं राहणारी आणि सगळं वाळून गेल्यावर फुलणारी झाडं गोळा केली. कोरांटी त्यातली माझी लाडकी. ही नर्सरीत सहसा मिळत नाही, लोकांच्या कुंपणात मिळते. पिवळी काटेरी असते, जांभळी असते, पांढरी असते. पावसाळाभर ती मुकाट्याने पानं काढत राहते, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. थंडी पडली की एके दिवशी झुडूपभर फुलते. कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या कुरकुरी ऐकून घरी आल्यावर मला ही झाडं बरी वाटायची. ती काही मागत नसत.

पण ही गोष्ट माझ्या गच्चीची नाही, आबांच्या अंगणाची आहे. आबा म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मांजरसुंब्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत असलेल्या आमच्या गावी घर बांधलं आणि पुढं अंगण ठेवलं. आई गेल्यावरही ते तिथंच एकटे राहिले. स्वतःचं स्वतः करून खायचे, संध्याकाळी बुद्धविहारात जाऊन बसायचे, आणि सकाळी आईचा मोगरा आणि गुलाब यांना पाणी घालायचे. गुलाब म्हणजे महातहानलेली जात. एका उन्हाळ्यात टिपाडातून, म्हणजे अंगणातल्या पिंपातून, पाणी काढून भरलेली बादली नेताना आबा ओल्या फरशीवरून घसरले. नशीब बलवत्तर म्हणून फक्त मनगटावर निभावलं.

धाकटा भाऊ पुण्याहून गाडी घेऊनच आला. ओसरीवर आम्ही तिघं बसलो. आबांचा हात प्लास्टरमध्ये.

"ताई, आता बास झालं," भाऊ म्हणाला. "मी ह्यांना घेऊन जातो."

"मी कुठं जायलो न्हाई," आबा म्हणाले. "तिथं बाल्कनीत मला वाळत घालता का?"

मला हसू आलं, भावाला आलं नाही. मी आबांची बाजू घेतली. भावाच्या पुण्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात त्यांना मी डोळ्यांपुढे आणून बघितलं, आणि ते तिथं बसेनात. मी म्हणाले, पडले ते पाणी वाहताना. पाणी वाहणं बंद केलं की झालं. मी त्यांचं अंगणच बदलून टाकते. दर रविवारी येते. भावाने आबांच्या प्लास्टरकडे बघितलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पण पुन्हा काही झालं, तर मी विचारायला बसणार नाही."

म्हणजे आबा त्यांच्या घरात राहणार की नाही, हे माझ्या झाडांवर येऊन ठेपलं. ही अट माझी मीच घालून घेतली होती, त्यामुळे कुणावर चिडायचीही सोय नव्हती.

गच्चीवर दुधाच्या पिशव्यांत मी कोरांटीची कलमं धरली होती. मृगात ती घेऊन एसटीने निघाले. फाटकाशी मला पिशव्यांसकट बघून आबांनी पहिला प्रश्न विचारला, "लगेजचं तिकीट काढलं का ह्याचं?" मग एकेक पिशवी हातात घेऊन त्यांनी काटे बघितले. "गुलाब उपटून काटे लावायली व्हय अंगणात?"

"गुलाबाला काय काटे नव्हते?" मी म्हणाले.

"त्याला गुलाब बी व्हता ना."

गुलाब मी शेजारच्या काकूंना दिले. मोगरा एकच ठेवला, आईचा म्हणून. फाटकापासून ओसरीपर्यंत दोन्ही बाजूंनी कोरांटी लावली. पुढं पिवळी, मागं जांभळी, आणि विहाराकडच्या कोपऱ्यात पांढरी, पौर्णिमेच्या वंदनेला फुलं घरची असावीत म्हणून. मधे सदाफुली. कण्हेर मात्र कुंपणाच्या बाहेर, कारण ती विषारी, आणि अशा बाबतीत मी भित्रीच आहे. काम झाल्यावर मी आबांना नियम सांगितला. पावसाळाभर पाऊस बघून घेईल. दसरा झाला की पाणी बंद.

"बंद म्हंजे? एक तांब्याबी न्हाई?"

"अजिबात न्हाई."

"मग त्यांनी प्यायचं काय?"

"त्यांचं ती बघत्यात, आबा. तुमी फकस्त बघत बसा."

त्यांनी मान हलवली. पण तांब्याभर पाणीसुद्धा मागत नाही अशा झाडावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे मला दिसत होतं.

पावसाळ्यात झाडं चांगली धरली. दर रविवारी मी जायची, पानं उलटून बघायची, आणि सोमवारी भावाला फोटो पाठवायची. तो अंगठा पाठवायचा. दसरा झाला, पाऊस थांबला, आणि त्यानंतरच्या रविवारी मी फाटकातच थबकले. पुढच्या ओळीतली कोरांटी पिवळी पडली होती. फुलांनी नव्हे, पानांनी. शेंडे खाली वळले होते.

आमच्या भागात झाड सुकलं की पहिला इलाज पाणी आणि शेवटचा इलाजही पाणी. दुसरा विचार डोक्यात यायला जागाच नसते. मी स्वतः, एवढ्या वर्षांची झाडवेडी बाई, पटकन म्हणून गेले, "आबा, ऊन लई पडलंय वाटतं. तांब्या तांब्या घालत जा."

आबांचा चेहरा उजळला. "असं म्हण की! मी कवाचा म्हणायलो."

पुढच्या रविवारी निम्मी ओळ झोपली होती. आठवडाभर मी ऑफिसात बसून हवामान बघत होते, फोनवर आबांना विचारत होते, पानं कशी आहेत, शेंडा कसा आहे. ते म्हणायचे, बरी हायती. सगळंच त्यांना बरं असायचं. दिवाळीला मी दोन दिवस राहायला गेले. पहिल्याच सकाळी, पानं झडून नुसत्या काड्या उरलेल्या एका झुडपाला हात लावला तर ते अख्खं माझ्या हातात आलं. जोरच लावावा लागला नाही. मुळं काळी पडली होती, बोटांना बुळबुळीत लागत होती, आणि पाणी न बदललेल्या फुलदाणीला येतो तसा वास येत होता. खाली बघितलं तर माती भिजवलेल्या रानासारखी. बोट घातलं तर पेरभर आत गेलं.

झाडं तहानेनं मरत नव्हती, बुडून मरत होती. पाण्याने झाड मरतं हे मला माहीत होतं, पण ते आपल्या जिल्ह्यात घडेल असं कधी मनात आलं नव्हतं. उन्हाळ्यात ज्या गावात टँकरपुढे घागरींची रांग लागते, तिथं एक झाड पाणी जास्त झालं म्हणून मेलं, हे मी कुणाला सांगणार होते?

थोड्या वेळाने डोकं शांत झाल्यावर मला कारण सापडलं, किंवा सापडलं असं वाटलं. गावात नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरातलं साठवलेलं सगळं पाणी एका क्षणात शिळं होतं. सगळीकडे तसंच आहे, पण आबांचं जरा जास्त. त्यांच्या लहानपणी त्यांना गावात पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत ओतलेलं. त्यामुळे घरी आलेल्या माणसाला, मग तो कुणीही असो, शिळं पाणी द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. आणि पाणी फेकायचं नाही, हा दुसरा नियम. दोन नियम मिळून रांजण, हंडे, कळशा, सगळं शिळं पाणी झाडांना. त्यात आमची काळी माती, ती पाणी धरून ठेवते, सोडत नाही.

मला केवढं हायसं वाटलं. नुसती सवय होती ती. मी आबांना ते कुजलेलं मूळ दाखवलं, वास दिला. त्यांनी तोंड वाकडं केलं. "शिळं पाणी धुण्याच्या दगडापाशी ओता," मी म्हणाले. "इकडं एक थेंब न्हाई. तांब्या पण बंद. मीच चुकीचं सांगितलंतं."

"बरं," आबा म्हणाले. "न्हाई घालत."

त्या आठवड्यात नळ आलाच नव्हता, हे मला फोनवर काकूंकडून कळलं होतं. तरी रविवारी गेले तर माती पुन्हा चिखल. पिवळ्या ओळीतलं आणखी एक झाड आडवं.

"आबा, पाणी घातलं?"

"न्हाई."

"मग हे कसं ओलं?"

त्यांनी खाली वाकून बघितलं. खरंच नवल वाटल्यासारखं बघितलं. "मी न्हाई बाई घातलं. तू न्हाई म्हणलीस ना, मग कावून घालीन?"

ओसरीच्या कडेला बादली होती, आतून ओली. त्यांच्या पायजम्याचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत भिजलेले होते. आणि ते माझ्या डोळ्यांत बघून बोलत होते. आबांना खोटं बोलता येत नाही, खोटं बोलताना ते कानाची पाळी चोळतात, हे आम्हा भावंडांना लहानपणापासून माहीत आहे. त्यांचा हात कानाकडे गेला नाही. ते खोटं बोलतच नव्हते.

मी काकूंकडे गेले. काकू म्हणजे आबांच्या शेजारी राहणाऱ्या, आईच्या मैत्रीण. त्यांनी आधी मला बसायला पाट दिला. मग म्हणाल्या, "सकाळी घालत्यात. चहा पिऊन आले की परत घालत्यात. मी एकदा म्हणलं, आबा, आत्ताच घातलंय की. तर म्हणले, कवा? आन् हसले. मग मी बी हसले. काय करू ताई, तुमाला फोन करावा का न्हाई कळंना."

"आणि दुसरं काही?"

"दुसरं न्हाई बगा. सैपाक करत्यात, विहारात येत्यात. लई गुणाचा माणूस हाय." आणि मग पदराने तोंड पुसत, "गॅस तेवडा एकदा राहिलता."

परतीच्या एसटीत मला खिडकीतून काही दिसलं नाही. झाडांची काळजी करत होते तेव्हा मला वाटायचं, याहून वाईट काय असणार. आता झाडं गेली तर जाऊ देत असं झालं. भावाला सांगायला हवं होतं. फोन हातात घेतला आणि परत पर्समध्ये टाकला. सांगितलं असतं तर तो त्याच रात्री निघाला असता, आणि त्याचं चुकलंही नसतं. म्हणूनच सांगितलं नाही.

आबांना अंबाजोगाईला बोलावलं, डोळे तपासायचे म्हणून. डोळ्यांचं झाल्यावर ओळखीच्या एका डॉक्टर बाईंकडे नेलं. ती तरुण मुलगी, आबांशी फार आदराने बोलली. तिने तीन शब्द सांगितले, चमचा, गाय, बस. म्हणाली, हे लक्षात ठेवा, मी नंतर विचारीन. मग गप्पा सुरू केल्या. काय काम करत होतात? आबा खुलले. बीडहून अंबाजोगाईपर्यंतचे सगळे थांबे त्यांनी म्हणून दाखवले, मांजरसुंबा, नेकनूर, केज, लोखंडी सावरगाव, आणि मधले ते फाटे, जिथे आता गाडी थांबतही नाही. कुठल्या फाट्याला बाजारादिवशी गर्दी असायची, कुठं घंटी वाजवली तरी ड्रायव्हर ऐकायचा नाही, सगळं. मी बाजूला बसून मनात म्हणत होते, बघा, काहीही झालेलं नाही या माणसाला.

"आबा, मघाचे तीन शब्द?" डॉक्टर म्हणाली.

आबांनी वर बघितलं. "बस," ते म्हणाले. मग बोटांवर मोजून बघितलं. "आन् बाकीचं काय ते फालतूच व्हतं."

डॉक्टर हसली, आबा हसले. मला हसता आलं नाही. बाहेर आबा चपला घालत असताना तिने मला सांगितलं, जुनं सगळं शाबूत आहे, नवं टिकत नाही. सुरुवात आहे. औषधं देते, पण एकटं ठेवणं बरं नाही. मी विचारलं, किती दिवस एकटं चालेल? ती म्हणाली, असं सांगता येत नाही.

मी ते अर्धंच ऐकलं. माणसाला जे ऐकायचं नसतं ते ऐकू न यायची सोय असते. परत नेताना मी आबांकडे बघत होते आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, की पाण्याचं तेवढं जमवता आलं तर बाकी सगळं जमेल. गॅसला मी ठरावीक वेळाने आपोआप बंद होणारं यंत्र बसवून घेतलं. आणि अंगणाचं डोकं लढवलं.

आबांचा हात थांबवता येणार नव्हता. मग पाण्याची वाटच बदलायची ठरवली. टिपाडाच्या अगदी शेजारी, धुण्याच्या दगडापाशी, मी कर्दळ आणि अळू लावलं. त्यांना कितीही पाणी घाला, त्यांचं पोट भरत नाही. आणि जगलेली कोरांटी उपटून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली, जिथं दिवसभर ऊन असतं. तिथं ट्रॉलीभर मुरूम टाकून घेतला, त्यात दगडाची कपची मिसळली, गुडघाभर उंच वरंबा केला, आणि काळी माती झटकून झाडं त्यात लावली. काकू मदतीला होत्या. आबा खुर्चीवर बसून सूचना करत होते. "मुरमात कवा झाड येतं का?" ते काकूंना म्हणाले. "हिला कॉलेजात काय शिकवत्यात की."

"मी ऑफिसात आहे, आबा."

"तेच म्हणायलो."

आणि आश्चर्य म्हणजे ते जमलं. हात जवळ जे असतं तिकडे जातो. आबा टिपाडातून बादली भरायचे आणि दोन पावलांवर कर्दळीत ओतायचे, दिवसातून कितीही वेळा. कर्दळ माजली. मुरमातली कोरांटी काही दिवस मान टाकून बसली, मग तिला खालून नवा फुटवा आला. नीट कडक, गडद पानं. कार्तिक संपता संपता शेंड्यांवर कळ्या दिसल्या. मी प्रत्येक झुडूप न्याहाळलं आणि मग अंगणातच, आबांसमोर, रडले.

"कावून रडायलीस?" आबा घाबरून म्हणाले.

"उगंच," मी म्हणाले.

मला वाटलं मी जिंकले. भावाला फोन केला, डॉक्टरचं सांगितलं, पण पातळ करून सांगितलं. थोडं विसरतात, वय झालंय, औषध चालू आहे, मी सगळं बसवून दिलंय. तू ये आणि बघ. पाणी वाहत नाहीत, पडत नाहीत, आणि अंगण असं फुलणार आहे की तू फोटो काढशील. भाऊ म्हणाला, "ताई, तू मला सगळं सांगतेयस ना?" मी म्हणाले, "तू ये तर." मार्गशीर्षातल्या पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी यायचं त्याने कबूल केलं.

त्या रविवारी मी पहिल्या गाडीने गेले. फाट्यावर उतरले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सगळं मातीच्या रंगाचं होतं, तुरी सोडल्या तर. आणि आबांच्या फाटकातून आत बघते तर वरंब्यावर पिवळं आणि जांभळं एकदम उघडलं होतं. पांढरीचं एकच झुडूप वाचलं होतं, ते टोकापासून बुडापर्यंत फुललं होतं. त्याच्यावर माश्या घोंघावत होत्या. एवढ्या वर्षांत माझ्या गच्चीवरही कोरांटी कधी अशी फुलली नव्हती. मी फाटक धरून उभी राहिले.

मग मला वरंब्याचा रंग दिसला. मुरूम तांबूस असायला हवा होता, तो काळपट होता. जवळ जाऊन बघितलं. वरपासून खालपर्यंत निथळत होता. पायथ्याशी पाण्याचं थारोळं साचलं होतं, आणि टिपाडापासून तिथपर्यंत, अंगण ओलांडून, फरशीवर सांडलेल्या पाण्याची रेघ होती. आबा भरलेली बादली घेऊन, त्याच फरशीवरून, तेवढ्या लांब चालत आले होते. एकदा नाही. रेघेवर रेघ होती.

भाऊ केव्हाही येणार होता. मला दुसरं काही सुचलं नाही. कुंपणापाशी उरलेला कोरडा मुरूम ढिगाने पडला होता. मी पर्स ओसरीवर टाकली, साडी खोचली आणि घमेल्याने तो आणून वरंब्यावर पसरायला लागले. थारोळ्यावर टाकला, फरशीवरचं पाणी गोणपाटाने पुसलं, परत मुरूम टाकला. धापा टाकत होते, कान रस्त्याकडे होते. फुलांवर धूळ उडत होती. मी ओंजळीत मुरूम घेऊन पांढऱ्या झुडपाच्या बुडाशी पसरत होते तेव्हा मागून आवाज आला.

"झाकू नको."

आबा ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"झाकू नको बाई," ते म्हणाले. "मीच घातलंय. असंल. म्हंजे मीच घातलं असंल, दुसरं कोण हाय हितं?"

ते हळूहळू पायरी उतरून आले आणि वरंब्याशेजारी उभे राहिले.

"तू सांगितलेलं मला ठाव हाय. पाणी नको. ते इसरत न्हाई मी. पण सकाळी उठलो की डोक्यात एकच येतं, पाणी ऱ्हायलं. काल घातलं का परवा घातलं, काय ध्यानात येत न्हाई. मग वाटतं, आपण इसरलो आन् झाडं मेली तर? तुजी झाडं. म्हणून घालतो. घातलं की जरा बरं वाटतं. मग चहा पितो, आन् परत तसंच. घातलं का न्हाई?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लई भ्या वाटतं गं. दिसभर भ्या वाटतं. तुला कसं सांगावं? तू माज्यापाई त्याच्याशी भांडायलीस."

उन्हाळ्यापासून मी या माणसाला त्याच्या घरात ठेवण्यासाठी धडपडत होते. गॅसला यंत्र बसवलं, वरंबा बांधला, भावाला अर्धवट सांगितलं. आबा मात्र त्या घरात रोज उठून घाबरत होते, आणि मला वाईट वाटू नये म्हणून गप्प होते.

"त्यो आला की त्याला सांग, मी यायलो म्हणून," आबा म्हणाले. "त्याच्याकडं का तुज्याकडं, ते तुमी दोघं ठरवा. मला बाल्कनी बी चालंल. पण आता मला एकट्याला ठेवू नका."

त्यांनी हात पुढे करून जांभळ्या फुलावरची धूळ बोटाने झटकली.

"ही ऱ्हातील," ते म्हणाले. "ह्यान्ला कुणी लागत न्हाई. तू म्हणलीच व्हतीस. मला लागतंय."

रस्त्यावरून गाडी वळल्याचा आवाज आला. मी ओंजळीतला मुरूम खाली टाकला, पदराला हात पुसले आणि फाटक उघडायला गेले.